मावशींना न विचारलेला प्रश्न

मी अजून अकाउंटिंग शिकतोय. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मी टॅक्सबद्दल लिहावं हा थोडा आगाऊपणा आहे, माफ करा. पण चूक माझी होती, तेव्हा मीच सांगितलेली बरी.

२००८ साली अमेरिकेतल्या डब्लिन गावच्या लायब्ररीत आम्ही विद्यार्थी लोकांचे टॅक्स रिटर्न फुकट भरून देत होतो. त्या वर्षी सरकार रिटर्न भरणाऱ्यांना मदतीचे चेक पाठवणार होतं. एक मराठी मावशी आल्या. ग्रीन कार्डावर, मुलाकडे राहणाऱ्या. डेकेअरमधली त्यांची कमाई तीनशे डॉलरच्या चेकला पुरेशी होती.

"त्यात ड्रायव्हिंग शिकता येईल का रे? भाजी आणायलासुद्धा मुलाची वाट बघायची म्हणजे..."

फॉर्मवर प्रश्न होता : तुम्हाला कोणी डिपेंडंट दाखवू शकतं का? म्हणजे, तुमचा खर्च करणारा माणूस स्वतःच्या रिटर्नमध्ये तुमचं नाव घालू शकतो का? आईच्या वयाच्या बाईला 'तुम्हाला कोण पोसतं' असं विचारायला जीभ रेटेना. मी आपणच 'नाही'वर टिक केली.

दोन दिवसांनी रिटर्न रिजेक्ट झाला. मुलाने आधीच त्यांना डिपेंडंट दाखवलं होतं, आणि डिपेंडंटला चेक मिळत नव्हता.

"तू विचारलं नाहीस?" आमची सुपरवायझर लिंडा म्हणाली.

"त्या मावशी आहेत."

"तुझी मावशी?"

"नाही... पण तशाच."

लिंडाने फोन माझ्यापुढे सरकवला.

मी मुलाला फोन केला.

"अरे यार, आई आहे माझी! मग तिचे पैसे मला मिळतील ना?"

"नाही. ते फक्त सतरा वर्षांखालच्या मुलांचे मिळतात."

"मग तिचं नाव काढतो."

"उपयोग नाही. खर्च तुम्ही करता आणि त्यांची कमाई डिपेंडंटसाठीच्या मर्यादेच्या आत आहे. नाव घातलं नाही तरी घालता येतं, एवढंच पुरतं."

मावशींना सांगायला मी स्वतः गेलो.

"म्हणजे मी मुलाच्या जिवावर जगते, असं सरकारचं म्हणणं?"

"फक्त फॉर्मवर, मावशी. यंदा कमाई मर्यादेवर गेली, तर पुढच्या रिटर्नमध्ये हेच पैसे मागता येतील."

"मर्यादा किती?"

मी आकडा सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला.

आता मी तो प्रश्न प्रत्येकाला विचारतो, काका असोत की काकू. बरेच जण रागावतात. रिटर्न मात्र परत येत नाहीत.

डिसेंबरात मुलाचा फोन आला. "तुझ्यामुळे आई सहा महिने पहाटेची शिफ्ट करतेय, आणि सोडायला मी! काल वर्षाच्या कमाईचा पे-स्टब दाखवला तिने. म्हणाली, यंदा माझं नाव घालायचं नाही."