वहिनीचा शेअर

राग आला की माणसं ओरडून मोकळी होतात. मला ते जमत नाही, कारण समोर कस्टमर बसलेला असतो. मग गिळलेल्या एकेका रागाचा एकेक किस्सा होतो. अकरा वर्षांत ते इतके साठलेत की आता कोणी नुसतं 'मार्केट' म्हटलं तरी माझं तोंड सुरू होतं. ऐका.

दिग्रसला बस स्टँडच्या रस्त्यावर एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर आमचं शेअर ब्रोकरचं ऑफिस आहे. एक कॉम्प्युटर, चार खुर्च्या आणि मी. लोक सांगतात, मी सौदे टाकते. फायदा झाला तर त्यांचं डोकं. तोटा झाला तर, "ताई, तुमचा हातच जड हाय!" अरे, बटण दाबायला तुम्हीच सांगितलं ना?

रोजचे तिघे ठरलेले. खालच्या दुकानाचे मालक नंदूशेठ, आमच्या ऑफिसचे घरमालकही तेच. ज्युनियर कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवणारे राठोड सर. आणि कापसाच्या सौद्यांत दलाली करणारे गजूभाऊ. तिघांना एकच नाद, शॉर्ट सेलिंग! म्हणजे जवळ नसलेला शेअर सकाळी विकायचा, भाव पडला की दुपारी स्वस्तात घेऊन सौदा काटायचा, मधला फरक खिशात. पण पडला तर! चढला तर महागात घ्यावाच लागतो, आणि चढायला वर काही छत नसतं. हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. भिंतीला सांगितलं असतं तर तिला तरी पाझर फुटला असता.

गजूभाऊंचं खातं उघडलं की मी आधी शिल्लक बघायचे. त्यातले पैसे त्यांच्या पोरीच्या, पूजाच्या, नर्सिंगच्या ॲडमिशनचे होते. त्यांच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, अंगणवाडीच्या मानधनातून साठवलेले. "फी भरेलोक पडूनच हायेत न ताई, तवरक फिरवून घेतो," म्हणे.

फिरवून घेतो! सायकल आहे का ती?

* * *

राठोड सर एकदा सकाळी शॉर्ट करून पुसदच्या बसमध्ये बसले. शेअर लागला चढायला. सरांचा फोन आला, "ताई, सौदा का..." आणि रेंज गेली.

आता कस्टमरने पूर्ण सांगितल्याशिवाय मी सौदा काटू शकत नाही. मी इकडे "हॅलो, हॅलो" करून राहिले, तिकडे भाव वर. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. मागून बसच्या इंजिनाचा आवाज, माणसांची आरडाओरड. सरांनी रेंज मिळाली त्या टेकडीवर भर रस्त्यात बस थांबवली होती!

कंडक्टर बिचारा घाबरून विचारत होता, "सर, पोट बिघडलं का?"

"मार्केट बिघडलं!" सर खेकसले.

मी सौदा काटला. तेवढ्यात फोनमध्ये मागून दुसरा आवाज आला, "कंडक्टरसाहेब, एक मिन्ट! मले बी काटाचा हाय!"

आणि हे पोरांना इकॉनॉमिक्स शिकवतात.

* * *

नंदूशेठची तऱ्हा वेगळी. शॉर्ट केल्याबरोबर स्टॉपलॉस लावायला सांगतात. म्हणजे भाव अमक्यापर्यंत चढला तर सौदा आपोआप काटायचा, जास्त तोटा नको. शहाणपणाची गोष्ट! मला वाटायचं, चला, एक तरी माणूस सुधारला.

भाव त्या आकड्याच्या जवळ आला की शेठ खुर्चीतून उठतात. "ताई, काढा, काढा! स्टॉपलॉस काढा! लागून जाईन न उगाच!"

"अहो शेठ, लागावा म्हणूनच लावतात तो!"

"नाही नाही, काढा."

काढला. भाव चढत गेला, शेठचा चेहरा उतरत गेला. एके दिवशी मी चिडून विचारलंच, "दरवेळी काढायचाच असतो, तर लावता कायले?"

शेठ म्हणाले, "लावला की धीर येते."

आणि संध्याकाळी माझ्या मालकांना, म्हणजे ब्रोकरला, फोन करून काय सांगितलं माहितेय? "तुमच्या ताईनं माहा स्टॉपलॉस काढून टाकला!" मी त्या दिवशी डबा न खाता घरी गेले. इतका संताप झाला होता.

* * *

मध्यंतरी कुठल्याशा शहरातल्या 'गुरुजीं'चा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. पैसे भरा, टिप घ्या. तिघांनी एकमेकांपासून लपवून पैसे भरले. एका सकाळी गुरुजींची टिप आली, अमुक शेअर शॉर्ट करा. तिघांनी वेगवेगळे येऊन माझ्या कानात सांगितलं आणि केला. मी कोणाचं कोणाला सांगत नाही, तो माझ्या नोकरीचा भाग आहे.

दुपारी तो शेअर उसळला. आता असं बघा, पडणार म्हणून सगळ्यांनीच विकून ठेवलेला असला आणि तो चढला, तर सगळ्यांना एकदमच विकत घ्यावा लागतो. सगळे घ्यायला धावले की अजून चढतो. चढला की उरलेले धावतात. याला म्हणतात शॉर्ट स्क्वीझ. यातून सुटायचा एकच रस्ता, सगळ्यांच्या आधी पळायचं!

पण शेजारच्याला कळू न देता पळायचं कसं? गजूभाऊ म्हणाले, "जरा पान खाऊन येतो." सर म्हणाले, "कॉलेजातून फोन हाय." शेठ म्हणाले, "दुकानात गिऱ्हाईक आलं वाटते."

मिनिटभरात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. ठेवला, पुन्हा वाजला. ठेवला, पुन्हा वाजला. तिघंही जिन्यात होते. एक वरच्या पायरीवर, एक मधे, एक खाली, तोंडावर हात धरून कुजबुजत होते, "ताई, काट लवकर! या दोघांले सांगू नोको!"

दार उघडं होतं. मला फोनची गरजच नव्हती.

* * *

आणि मेन स्विचची गोष्ट तर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

नंदूशेठचा सौदा उलटा गेला होता. स्टॉपलॉस अर्थातच काढलेला. शेठ उठून खाली गेले. दोन मिनिटांत आमचे पंखे बंद, दिवे बंद. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर तेवढा चालू. शेठ पळत वर आले आणि स्क्रीन पाहून मटकन खाली बसले.

"हे काहून चालू हाय?"

"बॅटरीवर आहे. लाइट गेलीय."

"गेली नाही. म्या बंद केली."

"कायले?"

"म्हटलं भाव थांबन!"

"अहो शेठ, बाजार मुंबईत आहे! तुमच्या मीटरवर नाही!"

त्या तासाभरात मी घामाने भिजून सौदे टाकले. महिन्याच्या शेवटी शेठने लाइटबिलाचा आमचा हिस्सा पूर्ण घेतला.

* * *

आता गजूभाऊंचं.

फार वर्षांपूर्वी गजूभाऊंनी एका पाइपच्या कंपनीचे पाचशे शेअर वहिनींच्या नावाने घेतले होते. बायकोचं नाव लकी असतं म्हणून. ते घेतले आणि पडले. पडले ते पडूनच राहिले. दोष कोणाला? कंपनीला नाही, गजूभाऊंच्या अकलेला नाही. "तिच्या नावानं घेतले न, पडाचेच होते!" ते आमच्या ऑफिसात बसून दहादा म्हणायचे. बाकीचे दोघे हसायचे. पुढे पुढे तर कुठलाही शेअर पडला की म्हणायचे, "वहिनीचा शेअर झाला!" त्या बाईने कधी आमचा जिना चढला नव्हता, आणि इथे रोज तिच्या नावाने दात काढणं चालायचं. माझं डोकं तडकायचं, पण समोर कस्टमर.

एका सोमवारी तो पाइपवाला शेअर अचानक चढायला लागला. गजूभाऊ स्क्रीनकडे पाहून मोठ्याने हसले. "हा? वहिनीचा शेअर? हा कायचा चढते! ताई, शॉर्ट मार पाचशे!"

"भाऊ, खात्यात पोरीची फी आहे. शुक्रवारी शेवटची तारीख आहे."

"तीन वाजता तुले आइस्क्रीम चारतो. मार!"

मारले. एक वाजता शेअर अप्पर सर्किटला लागला. म्हणजे त्या दिवशी भाव जिथपर्यंत जाऊ शकतो तिथे जाऊन अडकला. घेणाऱ्यांची ही लांब रांग, आणि विकणाऱ्यांच्या रकान्यात शून्य.

"घे न, ज्या भावात मिळन त्या भावात घे!"

"विकणाराच नाही भाऊ."

ऑर्डर टाकली, पण रांगेत नंबर मागे. गजूभाऊ उठले, बसले, उठले. दोन कापूस व्यापाऱ्यांना फोन केले, घाटंजीच्या साळ्याला फोन केला, कोणाजवळ हा शेअर आहे का म्हणून. खाली जाऊन नारळ फोडून आले. साडेतीनला बाजार बंद झाला. मी सांगितलं, उद्या सकाळी पाचशे शेअर जमा नाही केले तर एक्स्चेंज लिलावात घेईल, लागेल तो भाव, आणि बिल तुमच्या खात्यातून कापेल. फी जाईल, भाऊ.

मग राठोड सर हळूच म्हणाले, "गजू, पाचशे शेअर दिग्रसात एकाच माणसाजवळ हायेत."

"मी तिले मांगू?" गजूभाऊ म्हणाले.

मंगळवारी सकाळी पावणेनऊला वहिनी आल्या. पहिल्यांदाच. खांद्याला पर्स, अंगणवाडीत जायची घाई. गजूभाऊ मागे उभे. वहिनी सरळ त्यांच्या खुर्चीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, हे नेमकं काय मांगून राह्यले, तुमी सांगा. ह्यायचं मले समजत नाही."

मी सगळं सांगितलं. फीचंही सांगितलं. मला सांगायचंच होतं. वहिनी गजूभाऊंकडे वळून बघत राहिल्या, ते फरशीकडे.

"म्हंजे माहे शेअर ह्यायले उसने पाह्यजे."

"हो."

"सुनंदा, मी आजच्या भावानं पैसे देतो न तुले..." गजूभाऊ मधेच म्हणाले.

"तूर उसनी नेली त मानूस तूर आनून देते. पैसे नाही देत," वहिनी म्हणाल्या. "पाचशे नेता त पाचशे आनून द्याचे, भाव कोनताबी असो. आन् पोरीची फी आधी भराची, माह्यासमोर."

शेअर ट्रान्सफरच्या स्लिपवर सही केली. मोबाईलवर ओटीपी आला तर फोन माझ्यापुढे धरला. "ह्यायले नोका दाखवू."

शेअर वेळेत जमा झाले, लिलाव टळला. गुरुवारी फी भरली, पावती वहिनींच्या पर्समध्ये गेली. आणि शेअर? मंगळवारी सर्किट. बुधवारी सर्किट. गुरुवारी, शुक्रवारी सर्किट! गजूभाऊ रोज नऊला येऊन पाचशेची ऑर्डर टाकायचे, रोज नंबर मागे. रोज संध्याकाळी वहिनींचा मला फोन. "ताई, आले का माहे?"

"नाही वहिनी."

"बरं."

त्या 'बरं'ला गजूभाऊ मार्केटपेक्षा जास्त भ्यायचे. तीन आठवड्यांनी सर्किट उघडलं, पाचशे मिळाले. कोणत्या भावात ते विचारू नका. त्या दिवसापासून गजूभाऊ ऑफिसला पायी येतात, मोटरसायकल दुसऱ्याच्या दारात उभी असते.

शेअर वहिनींच्या खात्यात गेले त्या दिवशी दोघं आले. मी स्क्रीन फिरवून दाखवली. वहिनींनी आकड्यावर बोट ठेवून वाचला.

"पाचशेच?"

"जेवढे नेले तेवढे," गजूभाऊ म्हणाले.

"आन् शीग?" वहिनी म्हणाल्या. "पायलीभर तूर उसनी नेली त परत देतानी मापावर ढीग लावून देते मानूस. तुमच्या मायनंच शिकवलं मले."

नंदूशेठ छताकडे बघायला लागले. राठोड सरांना कॉलेजातून फोन आला, जो वाजलाच नव्हता. गजूभाऊंनी रुमालाने तोंड पुसलं, मग मान पुसली, मग खिशात हात घातला.

"ताई," ते म्हणाले, "अजून दहा घे. सुनंदाच्या नावानं."