मालेगावचं गिऱ्हाईक

ऐंशीच्या सुमाराला मखमलाबादच्या आमच्या मळ्यात एक जुनी पिकअप होती. भाजी आणि झेंडू नाशिकच्या बाजारात न्यायला दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतली होती. पुढे तिचं इंजिन इतकं झिजलं की ती पेट्रोलच्या बरोबरीनं ऑइल प्यायला लागली. मेकॅनिक म्हणाला, "इंजिन पूर्ण खोलावं लागेल, नाहीतर सरळ विका."

आई म्हणाली, दुरुस्त करू. दादा म्हणाले, विकू.

मालेगावहून गिऱ्हाईक आलं. दादांनी गाडीचं कौतुक करायचं सोडून तिच्या खोडीच सांगायला सुरुवात केली.

"चढावर मागून ढकलावी लागते. दार दोरीनं बांधावं लागतं. पावसात आत बसूनही पाय भिजतात."

"चालेल की," तो म्हणाला. "मला सुटे भागच काढायचेत."

"सुटे भाग? हिचे?" दादा बॉनेटवर हात ठेवून उभेच राहिले.

तो माणूस खो खो हसत सुटला आणि आपल्या अहिराणीत म्हणाला, "काका, तुमले गाडी इकानी नही शे!"

गाडी विकायचीच नाही म्हटल्यावर चहा पिऊन तो एसटीनं परत गेला. आईनं विचारलं, "मेकॅनिकला निरोप धाडू?"

"मीच जातो," म्हणत दादांनी चपला घातल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी दुरुस्त होऊन आली. फुलं भरून आम्ही तिघं बाजाराला निघालो. दादा रस्ताभर नव्या पिस्टनबद्दल बोलत होते आणि आई त्यांच्या शेजारी गाढ झोपली होती.