अणू शिकवणारे सर

अकोल्याच्या कॉलेजात आम्हाला पदार्थविज्ञान शिकवणारे सर कधी हसत नसत. चार वाक्यं झाली की बोटांवरचा खडू झटकत आणि विचारत, "ध्यानात येऊन राहिलं का?"

ऊन तापू लागलं होतं तेव्हा त्यांनी सोन्याच्या पातळ पत्र्याचा प्रयोग सांगितला. "पत्र्यावर कण सोडले. बहुतेक आरपार गेले, एखादाच उलटा फिरला. म्हंजे अणू आतून जवळपास रिकामा हाये. मधात बारकंसं जड केंद्र, भवताल इलेक्ट्रॉन. साऱ्या वस्तू याच्याच."

"मग माणसामाणसांत फरक काय, सर?" एकाने विचारलं.

सर नुकतेच बौद्ध झालेले. म्हणाले, "अणूले इचारशीन तं काहीच नाही. मास्तरांच्या खोलीतल्या माठाले इचार."

त्या माठातलं पाणी शिपाई एकट्या सरांना वरून ओतून देई. तास संपल्यावर सर खोलीत गेले आणि स्वतः माठात पेला बुडवून पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी माठ मागच्या अंगणात फुटून पडला होता. नवा आला. सर त्यातूनही प्यायले. तोही फुटला. मग परीक्षेपर्यंत कोणी माठ ठेवलाच नाही. सगळे मास्तर तहानलेले बसत.

शिकवताना सरांचा घसा कोरडा पडे. ते थांबत, आवंढा गिळत आणि पुढचं वाक्य सुरू करत.