वरचा बोल्ट

हिरामण मिस्त्रीच्या पायाला भिंगरी, हे साऱ्या दहिवलीला ठाऊक. जेवायलाही तो कधी मांडी घालून बसला नाही. अर्धी भाकरी हातात, अर्धी तोंडात, आणि एक डोळा समोरच्या उघड्या बॉनेटवर. चौकच्या रस्त्याला तीस वर्षं त्याचं गॅरेज होतं. तिथे त्याने दुसऱ्यांची अकरा पोरं शिकवून मिस्त्री केली, पण पोटच्या नम्रताला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "पोरीच्या जातीनं ग्रीसमधी हात घालायचा नाय," म्हणायचा. आता या म्हणण्याला काय म्हणावं? जाऊ द्या.

अशा माणसाला दिवाळीनंतर लकवा मारून गेला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. म्हणजे अगदीच गेली असं नाही. शब्द यायचा, पण फार उशिरा यायचा, आणि तोवर थांबायला घरात कोणाला सवड होती? इंदूबाई, त्याची बायको, मनाने सोन्यासारखी, पण तिचं तोंड म्हणजे लाह्या फुटाव्यात तसं. त्याचे ओठ हलले रे हलले, की सुरू. "चहा पायजे? पाणी? पंखा लावू? लघवीला जायचंय?" त्याचा शब्द जिभेवर येईतो चहाचा कप हातात यायचा. ओटीवरच्या खुर्चीत बसून हिरामणचा डावा पाय दिवसभर नुसता हलत राहायचा.

अंगणात त्याची जुनी मारुती व्हॅन उभी होती. क्लचप्लेट झिजलेली. इंजिन बोंबलायचं, चाक हलायचं नाही. प्लेट बदलायची तर अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. अकरा पोरांतला लाडका संतोष चार महिने "उद्या येतो काका" म्हणत होता. शेवटी इंदूबाईने जाहीर केलं, "या रविवारी झालं तर झालं, नाय तर सोमवारी भंगारवाला. अंगण अडवून ठेवलंय नुस्तं."

ती गाडी दारात होती तोवर हिरामण मिस्त्री होता. ती टेंपोवर चढून गेली, की तो फक्त पेशंट.

"मी काढते," नम्रता म्हणाली. खोपोलीच्या कंपनीत आठवड्याचे सहा दिवस पॅकिंग तपासणारी पोरगी. मोबाईलवर एक व्हिडिओ तीनदा बघून रविवारी सकाळी तिने बापाची जुनी पँट चढवली आणि कामाला लागली.

हिरामण तिची चूक शोधत बसला. तिने चाकांना दगड लावले. गाडी जॅकने उचलून लाकडी ठोकळ्यांवर टेकवली, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरली नाही. आधी बॅटरीची वायर काढली, मग ऑइल काढून टाकलं, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सोडवला, स्टार्टर उतरवला, गिअरबॉक्स इंजिनला धरून ठेवणारे बोल्ट काढले. गिअरबॉक्स अलगद टेकायला खाली तुसाचं पोतं सरकवलं. चूक काही सापडेना. त्याला बरं वाटायला हवं होतं, पण वाटली ती लाज. ही पोरगी पंधरा वर्षांपूर्वीच हाताखाली घेतली असती तर? या विचाराने तो खुर्चीत आणखीच चुळबुळला.

बाराच्या सुमाराला गिअरबॉक्स दोन बोटं मागे सरकला आणि अडला. नम्रताने ओढला, हलवला, लाथ मारली. ढिम्म.

हिरामणला बसल्या जागी कळलं. वरचा बोल्ट राहिला होता. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. तो बोल्ट खालून दिसतच नाही, ड्रायव्हरची सीट उचलली तरच हाताला लागतो. व्हिडिओवाल्याने सीट आधीच काढून ठेवली असणार, मग पोरीला कळावं कसं? त्याने तोंड उघडलं. "अं... अं..."

"चहा?" इंदूबाई आलीच.

"नाय..."

"मग लघवीला?"

त्याने मान जोरात हलवली. इंदूबाई तरी कप घेऊन आली. त्याने डाव्या हाताने तो उडवला. चहा तिच्या लुगड्यावर सांडला.

"बघ गं, डोकं फिरलंय यांचं," इंदूबाई रडवेली झाली.

गाडीखालून नम्रता म्हणाली, "आई, त्यांना आत ने. माझं लक्ष जातंय."

हे त्याच्या काळजाला लागलं. तेवढ्यात त्याला पहार दिसली. नम्रता इंजिन आणि गिअरबॉक्सच्या फटीत पहार घालत होती. गिअरबॉक्सचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं असतं, बोल्ट न काढता जोर लावला तर तडकतं. तडकलं की संपलं, सोमवारी भंगारच.

हिरामण उठला. पाच महिन्यांत पहिल्यांदा, कोणाचा हात न धरता. भिंत धरून, उजवा पाय फरफटत ओटीच्या दोन पायऱ्या उतरला, आणि ड्रायव्हरच्या उघड्या दारात जवळजवळ कोसळलाच. इंदूबाई ओढायला धावली, तर तिचा हात झटकला. मग सीटवर डाव्या मुठीने धपाधप मारायला लागला.

नम्रता बाहेर आली, काळ्या तोंडाने, संतापून. "पडला असता म्हंजे, बाबा? काय पायजे तुमाला? पाणी..."

आणि ती मधेच थांबली. हात तोंडाकडे जात नव्हता. तो सीटवर पडत होता.

"आता चहा ठेवते, म्हंजे..." इंदूबाईने सुरू केलं.

"गप बस आई. त्यांना बोलू दे."

दोघी थांबल्या. शेजारच्या घरातल्या कुकरने एक शिट्टी दिली, दुसरी दिली. हिरामणच्या कपाळावरून घाम ओघळला, ओठ हलले, नुसतेच हलले. नम्रताने घाई केली नाही. तिसरी शिट्टी झाली.

"वर... एक... हाय."

तिने सीट उचलली. आत हात घातला. तेलकट काजळीत दडलेला बोल्ट बोटांना लागला आणि तिने बापाकडे बघितलं, ते त्याला शेवटपर्यंत विसरता येणार नाही. पाना लावला, बोल्ट निघाला. खाली जाऊन नुसत्या हातांनी हलवलं तर गिअरबॉक्स निमूट मागे सरकला आणि पोत्यावर टेकला.

ती बाहेर येऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. "पाच महिने तुमी काय काय सांगत असणार, बाबा. आमी ऐकलंच नाय." मोबाईलवर व्हिडिओ अजून तसाच उघडा होता. तो तिने बंद केला. "आता पुढं काय करू?"

इंदूबाईने ओठ घट्ट मिटून घेतले. तिला ते किती जड गेलं, तिचं तिलाच माहीत.

"हात... धू," हिरामण म्हणाला. बराच वेळ गेला. "जेव. मग... प्लेट."

नम्रता उठली आणि हात धुवायला गेली.