गणपतीच्या आधी पाच दिवस

एका बाईच्या पाळीची तारीख मी बदलली. चुकून नव्हे, ठरवून. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. लाज वाटली म्हणून गप्प राहिलो असं म्हटलं तर बरं दिसेल, पण तेही खरं नाही. बहुतेकांनी विचारलंच नाही. जिने विचारलं, तिला मी तोंडावर खोटं सांगितलं.

आमच्या जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या एका आरोग्य केंद्रात मी कॉम्प्युटरवर नोंदी भरतो. गरोदर बायकांची नोंद बारा आठवड्यांच्या आत व्हावी असा नियम आहे. नियम चांगला आहे. अंगात रक्त कमी असलं, बीपी चढत असलं, तर ते वेळेत कळतं, गोळ्या वेळेत सुरू होतात. माझ्या बायकोला मी दुसऱ्या महिन्यातच रत्नागिरीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. म्हणजे मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण केंद्रात तो नियम बाईसाठी उरलाच नव्हता, स्क्रीनवरच्या रकान्यासाठी उरला होता. उशिरा आलेलं नाव लाल दिसायचं. महिन्याच्या बैठकीत साहेब त्या लाल रंगावर बोट ठेवायचे. "हे काय आहे? तुमच्यामुळे मला वर ऐकून घ्यावं लागतं." ती बाई कशी आहे, हे काही ते विचारायचे नाहीत.

ती आली संक्रांतीनंतर, बैठकीच्या आदल्या दिवशी. त्यांच्या वाडीची आशाताई तिला घेऊन आली होती. ताई दारातूनच ओरडली, "भाऊ, ही बघा आमची महाराणी. पाचवा लागला तेव्हा हिला आमची आठवण झाली."

ती हसली. सव्वीस-सत्तावीसची असेल. म्हणाली, "गेल्या खेपेला दुसऱ्यातच सगळ्यांना सांगितलं, नि तिसऱ्यात गेलं. म्हणून या वेळी सासूबाईंना पण संक्रांत झाल्यावर सांगितलं."

"आणि नवऱ्याला?" ताईने विचारलं.

"त्यांना परवा फोनवर. दिवस राहिलेत एवढंच."

आमच्याकडे हे सर्रास चालतं. नजर लागेल म्हणून सुरुवातीचे महिने बायका पोट लपवतात, आणि लपवायचे तेच महिने तपासायचे असतात. मी तिला समजावू शकलो असतो. मी काय म्हणालो? "आता इथे पोट दाखवायला आलीस होय?" ताई हसली नाही. त्या बाईचंही हसू गेलं.

शेवटची पाळी कधी, असं सिस्टरनी विचारलं, तेव्हा तिने क्षणभरही विचार केला नाही. "गणपतीच्या आधी पाच दिवस. नैवेद्याला हात लावता येईल की नाही म्हणून मोजत होते ना. पाचव्या दिवशी न्हाले नि मोदकाला बसले." इतकी पक्की तारीख मला त्या खुर्चीत क्वचितच मिळाली असेल. सिस्टरनी ती रजिस्टरात लिहिली. मी कॉम्प्युटरवर भरली. नाव लाल झालं.

सिस्टर त्या दोघींना वजन करायला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. सप्टेंबर खोडून मी तिथे नोव्हेंबर टाकला. नाव हिरवं झालं. एवढंच. त्याला मिनिटही लागलं नाही. मग रजिस्टरातल्या सिस्टरच्या अक्षरावर व्हाइटनर लावला, फुंकर मारून वाळवला आणि वर माझ्या हाताने नवी तारीख लिहिली. तिच्या कार्डावर तीच उतरवली. बाळंतपणाची अंदाजे तारीख जूनची ऑगस्टवर गेली. तिने कार्ड पिशवीत ठेवलं आणि मला "येते भाऊ" म्हणाली. मग मी चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी बैठकीत साहेब म्हणाले, "शिका जरा यांच्याकडून," आणि मी मान खाली घालून नम्र असल्यासारखा हसलो. ते हसू आठवलं की स्वतःचीच किळस येते.

माझ्या डोक्यात एक गोष्ट आलीच नाही. आमच्याकडचे पुरुष मुंबईला. गणपतीला येतात, ते नंतर एकदम शिमग्याला. तिचा नवराही तसाच. गणपतीला आला होता, विसर्जन करून गेला, आणि मधे एकदाही फिरकला नव्हता. मी खाडाखोड करून तिच्या पोटात मूल घातलं ते नेमकं नोव्हेंबरअखेर.

शिमग्याला तो आला. बायकोचं कार्ड हौसेने बघायला घेतलं आणि बोटांवर महिने मोजले.

पालखी वाडीतून गेल्यावर दोनच दिवसांनी आशाताई तिला घेऊन पुन्हा माझ्या टेबलासमोर उभी राहिली. सातवा महिना, पाय सुजलेले. एसटी चुकली म्हणून अर्धी वाट चालत आल्या होत्या. मी डबा खात होतो. तिने कार्ड टेबलावर ठेवलं.

"भाऊ, मी गणपतीतली तारीख सांगितली होती ना? हे नोव्हेंबर कुठनं आलं?"

ताई म्हणाली, "चुकून पडलं असेल, भाऊ. दुरुस्त करून सही-शिक्का द्या. मी त्याला शपथेवर सांगितलं, तर म्हणतो, तुम्ही बायका बायका एक. त्याला कागद पाहिजे."

"ते विचारतात, लपवलंस कशाला," ती म्हणाली. "सासूबाई पण तेच म्हणतात. मी नजरेच्या भीतीने लपवलं, भाऊ. आता त्याचंच..." तिने कार्ड माझ्याकडे सरकवलं.

मला एकच दिसत होतं. दुरुस्ती करायची तर कारण लिहावं लागणार, रजिस्टर उघडणार, व्हाइटनर दिसणार. मी भाताचा घास गिळला आणि म्हणालो, "तू सांगितलीस तीच तारीख लिहिली आहे."

ताईने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला वर्षानुवर्षं पुरली आहे. ती बाई मात्र माझ्याकडे बघत नव्हती, कार्डाकडे बघत होती, जणू आपणच चुकीचं बोललो की काय. मग तिने कार्ड उचललं. या वेळी "येते" म्हणाली नाही.

त्यानंतर ती एकाही तपासणीला आली नाही. जूनमध्ये माहेरी बाळंत झाली. मुलगा, तीन किलोचा, पूर्ण दिवसांचा. गणपतीचा हिशोब बरोबर जुळला. मला वाटलं, सुटलो. पण नवरा म्हणाला, मूल माझं असेलही, मग सरकारी कागदावर खोटी तारीख कशाला सांगितलीस? याचं उत्तर माझ्याकडे होतं. तो तिला न्यायला आला नाही. वर्षाने सासूच तिला घेऊन आली, घरात हात हवे होते म्हणून. नवरा अजून गणपतीला येतो, पोराला खाऊ आणतो, तिच्याशी बोलत नाही.

हे सगळं ताईने मला सांगितलं, मी न विचारता. गेल्या महिन्यात वर म्हणाली, "त्या वाडीत आता सातवा लागला तरी कोण नाव देत नाय. म्हणतात, त्या केंद्रात तारीख सांगू नको गो, तिचं काय झालं बघितलंस ना." स्क्रीनवर त्या वाडीच्या पुढे लाल काहीच नव्हतं, कारण नावच नव्हतं.

मुलगा आता शाळेत जातो. रजिस्टर कपाटात आहे, व्हाइटनरचा पापुद्रा सुटत आलाय, खालचं सिस्टरचं अक्षर दिसतं. या गणपतीत तिचा नवरा येईल. ते रजिस्टर घेऊन त्याच्या ओटीवर जायचं, आणि तिच्यादेखत सांगायचं की तिने खरी तारीख सांगितली होती, खोटी मी लिहिली. हे मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.