हाशमने घेतलेला जुवा

सौदीतल्या कतीफच्या मासळी बाजारामागे, खजुराच्या बागेला टेकून एक बसकी खोली होती. तिच्यात आम्ही अकराजण राहायचो, सगळे बाणकोटच्या खाडीकाठचे. हाशम आमच्यात सर्वांत जुना. कोळंबीच्या बोटींची फाटलेली जाळी शिवायचं काम त्याचं. अठरा वर्षं तो तेच करत होता, आणि त्याने मारलेली गाठ कधी सुटल्याचं मी ऐकलं नाही.

माणूस कमी बोलायचा. एकाच गोष्टीवर त्याची जीभ सैल व्हायची, ती म्हणजे जुवा. खाडीच्या मधोमध पाण्याने वेढलेला जमिनीचा तुकडा असतो, त्याला आम्ही जुवा म्हणतो. आमच्या गावासमोर असा एक आहे. दीड एकराचा असेल. काठाने तिवरं, मधे थोडा उंचवटा, त्यावर भेंडीचं एकच झाड. ना विहीर, ना वाट, ना झोपडी. मालक महाडचे राजाभाऊ. हाशमला तो विकत घ्यायचा होता. घ्यायचा, वर दोन खोल्या बांधायच्या आणि म्हातारपणी बायकोला घेऊन तिथे राहायचं. कोणी हाक मारणार नाही, कोणी दार वाजवणार नाही.

खोलीतला बदरुद्दीन रोज त्याची फिरकी घ्यायचा.

"हाशमशेठ, तुमच्या जुव्यावर यायला आम्हाला व्हिसा लागेल का?"

"इकामा काढावा लागेल."

"आणि कफील कोण?"

"मीच. आणि तुझा इकामा पहिल्याच दिवशी खलास करून तुला परत पाठवीन."

इकामा म्हणजे तिकडे राहायचा परवाना, आणि कफील म्हणजे ज्याच्या जामिनावर तो मिळतो तो मालक. सगळे हसायचे. पण हाशमच्या मनातलं आम्हाला कळत होतं. अठरा वर्षांत त्याला आतून कडी लावलेली खोली मिळाली नव्हती. संडासात बसला तरी बाहेरून कोणी तरी ओरडायचं, "यल्ला, हाशमभाई, आटपा!"

जुव्याचा व्यवहार त्याने धाकट्या भावावर, जलालवर सोपवला होता. साठवलेले पैसे आणि सहीचं मुखत्यारपत्रही पाठवलं होतं. साबिराला, बायकोला, त्याने कॅसेटमधून विचारलं होतं. तिचं उत्तर आलं, "तुमची मर्जी."

ही कॅसेटची रीत सांगायला हवी. आमच्यात लिहिणारे थोडे, म्हणून घरची माणसं कॅसेट भरून पाठवायची. ओटीवर टेपरेकॉर्डर ठेवून सासू, दीर, पोरं, शेजारी ओळीने बोलत. इकडे आम्हीही ती शुक्रवारी जेवणानंतर एकत्र ऐकायचो, कारण कोणाच्याही कॅसेटमध्ये आपल्या घरची एखादी खबर निघायची. नवी लग्नं झालेले एखाददोन जण आपली लपवून ठेवत. हाशम म्हणायचा, "आमच्यात लपवण्यासारखं काय आहे? लावा."

जानेवारी एक्क्याण्णवमध्ये कुवेतवरून इराकशी लढाई सुरू झाली. त्याच्या चार दिवस आधी आमच्यातला इब्राहीम रजेवरून परतला होता. त्याच्या सामानात हाशमची कॅसेट होती. लढाईच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार आला. बोटी बंदरात बांधलेल्या. खिडक्यांना आम्ही चिकटपट्ट्या लावलेल्या, विषारी वायू आलाच तर नाकावर बांधायला ओले टॉवेल हाताशी. जेवणं झाली आणि हाशमने कॅसेट लावली. एक बाजू नेहमीसारखीच. म्हाताऱ्या आईचे गुडघे, आंब्याचा मोहोर, मुलाची, हम्मादची परीक्षा. मग त्याने कॅसेट उलटली.

"हम्मादच्या अब्बा," साबिराचा आवाज आला. "आज सगळी लग्नाला गेली आहेत. घरात मी एकटीच आहे. हे तुम्ही एकट्याने ऐका."

तेवढ्यात बाहेर हवाई हल्ल्याचा भोंगा सुरू झाला. बदरुद्दीनने कॅसेट थांबवली.

"नंतर ऐक, हाशमभाई."

"नंतर म्हणजे कधी?" हाशम म्हणाला. "वरून काय पडेल ते पडेल. लाव."

"मग आम्ही बाहेर जातो."

"बाहेर कुठे जाता? मरायला?"

आम्ही दहाजण भिंतीकडे तोंडं करून बसलो. पण कान फिरवता येत नाहीत.

"तुम्हाला जुव्यावर एकटं राहायचं आहे," साबिरा म्हणत होती. "तुम्ही माणसांना कंटाळलात, ते मला समजतं. पण मी अठरा वर्षं एकटीच आहे. भरल्या घरात एकटी. लग्नाला जाते तर बायकांच्या घोळक्यात कडेला उभी राहते. गावातल्या नव्या सुनांनी तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही. मला तुमच्याबरोबर महाडच्या बाजारात जायचं आहे. एस.टी.त शेजारी बसायचं आहे. लोकांनी बघावं, हिलाही नवरा आहे. सगळ्यांसमोर हे कसं बोलू, म्हणून तुमची मर्जी म्हणाले. मला तिथे पाण्यात नेऊन ठेवू नका."

पुढे नुसती खरखर. भोंगाही थांबला होता. हाशमने कॅसेट काढली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून तो टेलिफोनच्या रांगेत उभा राहिला. मी सोबत होतो. मला म्हणाला, "जुवा नको. त्याच पैशांवर कायमचा घरी जातो. लढाई संपली, की लगेच."

तिसऱ्या दिवशी लाइन लागली. गावात फोन फक्त वाण्याच्या दुकानात. जलालला बोलावून आणेपर्यंत हाशम रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभा होता.

"जलाल, तो जुवा राहू दे."

"राहू दे काय? कागद कधीच झाले! लढाई होणार असं रेडिओ सांगत होता, त्याच आठवड्यात महाड गाठलं. म्हटलं, भाई राहतो की जातो कोणाला ठाऊक. त्याची एवढी एकच इच्छा होती."

हाशमने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"बरं केलंस," तो म्हणाला.

साठवलेलं सगळं त्या दीड एकरात गेलं. जुवा परत घेणारा कोणी नव्हता. घरी रिकाम्या हाताने जाणं हाशमला जमणारं नव्हतं, म्हणून त्याने कतीफच्या बोटमालकाशी आणखी दोन वर्षांचा करार केला.

लढाई संपली. उत्तरेकडून कुवेतच्या जळत्या तेलविहिरींच्या धुराचं काळं आभाळ येत होतं, शिवायला येणाऱ्या जाळ्यांना समुद्रात सांडलेल्या तेलाचं डांबर चिकटलेलं असे. एका शुक्रवारी हाशम म्हणाला, "साबिराला उत्तर द्यायचं आहे. थोडं बाहेर थांबाल का?"

आम्ही गल्लीत जाऊन उभे राहिलो. बदरुद्दीनने त्या दिवशी थट्टा केली नाही. खोलीतून आवाज येत नव्हता. मग दार उघडलं.

"जमत नाही," तो म्हणाला. "समोर कोणी नसलं की तोंड उघडत नाही. या आत."

आम्ही आपापल्या जागी बसलो. त्याने बटण दाबलं, सलाम केला, म्हातारीचे गुडघे विचारले, हम्मादला अभ्यासाचं सांगितलं. मग म्हणाला, "साबिरा, तू जे म्हणालीस..." आणि त्याने आमच्याकडे पाहिलं. आम्ही उठायला लागलो, तर हाताने खाली बसवलं.

"जलाल," तो टेपकडे वाकून म्हणाला, "साबिराला सांग, रजा लागली की तिला महाडच्या बाजारात नेईन."

रजा लागायला अजून एकोणीस महिने होते.