कठड्याखालची डेअरी

वेलिंग्टनच्या जुन्या वस्तीत माझी डेअरी होती. कोपऱ्यावरच्या किरकोळ दुकानाला तिकडे डेअरी म्हणतात. इमारत विटांची, शंभर वर्षांची, 'हेरिटेज'. शेजारी काचेचे नवे फ्लॅट्स, समोर कॉफीची दुकानं. आमच्या दाराच्या बरोबर वर, छताच्या कडेला, विटांचा जड कठडा होता. त्यातला चुना रोज सकाळी माझ्या संत्र्यांवर भुरभुरायचा.

आयुष्यभर मी घासाघीस करून माझंच खरं केलंय. पण घरमालक म्हातारा वस्ताद. कठडा दुरुस्त करा म्हटलं की 'मेट', म्हणजे दोस्ता, म्हणत टाळायचा.

"मेट, शंभर वर्षं उभा आहे तो. हेरिटेजला हात लावता येत नाही."

"त्याच्याखाली तुम्ही उभे राहत नाही ना!"

"उगाच घाबरतोस."

घाबरत होतो ते बायकोसाठी. ती किल्लारीकडची. लहानपणी भूकंपात त्यांच्या गावची दगडी घरं झोपलेल्या माणसांवर बसली. वडिलांनी फरफटत बाहेर काढलं म्हणून ही वाचली. जमीन हलली की बाहेर पळायचं, हे तेव्हापासून तिच्या पायांनाच पाठ. वेलिंग्टनची जमीन तर अधूनमधून हलायचीच. तिथली माणसं टेबलाखाली शिरतात.

"अगं, इथे बाहेर विटा पडतात," मी ओरडून सांगायचो.

"कळलं हो," म्हणायची, आणि पुढच्या हादऱ्याला पुन्हा फुटपाथवर.

एका दुपारी मी पाववाल्याशी शिळ्या पावांवरून भांडत होतो. बाटल्या किणकिणल्या. मग फ्रीज सरकला. बायकोच्या हातातला अंड्यांचा ट्रे पडला आणि ती दाराकडे सुटली. मी काउंटरवरून उडी टाकून तिची वेणी धरली.

"सोडा! आत मरायचंय का?" तिने माझा हात ओरबाडला.

"खाली बस!"

बाहेर धप्पकन आवाज झाला. धूळ आत आली. ती नेहमी जिथे जाऊन उभी राहायची, तिथली संत्र्यांची खोकी विटांखाली चेपली होती.

म्हातारा संध्याकाळी आला. आमच्याकडे न बघता विटांकडे वाकला. "पाचसातच पडल्या. फेकू नकोस हं, ओरिजिनल आहेत."

मी एक वीट उचलली. बायकोने मनगट धरलं नसतं, तर मी आज तुरुंगात असतो. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

तो गेला. आतल्या भिंतीलाही वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. बायको उंबऱ्यावर उभी राहिली, आत येईना, बाहेर जाईना.

"अहो, पुन्हा हललं तर मी पळू कुठे? एकदाच नीट सांगा."

मी त्या तड्यात बोट घालून पाहिलं. सात वर्षं रक्त आटवून उभं केलेलं दुकान होतं ते.

"दुकान सोडू," मी म्हणालो. "तू आधी समोर जा. शटर मी ओढतो."

ती रस्ता ओलांडेपर्यंत मी वरच बघत होतो. मग शटरला हात घातला, आणि ते खडखडायला लागलं. पुन्हा हललं, असं वाटून मी मटकन खाली बसलो. हलत काहीच नव्हतं, माझा हात थरथरत होता.